फिटरमामाचं पांढरं फडकं

मामाची आठवण निघाली की मला आधी लाज आठवते, मग मामा. प्रेम नव्हतं असं नाही. माझ्या आईचा तो एकुलता भाऊ, आणि लहानपणीचे माझे अर्धे लाड त्यानंच केले. पण त्याच्याबरोबर चार लोकांत जायचं म्हटलं की घरातून निघतानाच माझे कान तापायचे. मामाला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेला की चहा येईपर्यंत स्वस्थ बसणं त्याला जमायचं नाही. उठायचा, जवळ जे असेल त्याच्याखाली हात घालायचा, मग ती शेगडी असो, कपाट असो नाहीतर देव्हारा, आणि काळं झालेलं बोट वर काढून घरमालकाला दाखवायचा. वर म्हणायचा, "वरून काय बी दाखवताल. पोट दाखवा."

आयुष्यभर तो अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर होता. गाळप बंद झालं, बाकीची माणसं गावी पांगली की मामाचं खरं काम सुरू व्हायचं. उसाचा रस आटवायच्या टाक्या आतून साफ करायच्या, गंज खरवडायचा, मग रंगाला द्यायच्या. टाकीला माणूस शिरेल एवढंच भोक. त्यातून मामा आत जायचा आणि आतून ठोकल्याचा आवाज आला की वसाहतीतल्या बायका म्हणायच्या, फिटरमामा कामावर आहे. रंगाऱ्याला तो डबा उघडू द्यायचा नाही. आधी त्याचं पांढरं फडकं फिरायचं. जुन्या धोतराचा चौकोनी तुकडा, नीळ घालून धुतलेला, घडी करून खाकी शर्टाच्या खिशात ठेवलेला. ते लोखंडावर दाबून फिरवायचं आणि उजेडात धरायचं. काळं आलं की पुन्हा घासायचं. साहेब घाई करायचे, कंत्राटदार हात जोडायचा, मामा "न्हाई झालं" एवढंच म्हणायचा आणि फडकं खिशात ठेवायचा. आपण कधी चुकलोच नाही असं तो सांगायचा आणि आम्हाला ते खरं वाटायचं.

एकदाच चुकला होता, आणि ती चूक मामीनं मरेपर्यंत जपली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तिचं दूध तापवायचं पातेलं चुलीवर काळंकुट्ट झालं होतं. पातेलं जर्मनचं; अल्युमिनियमला आमच्याकडं जर्मनच म्हणतात. टाक्या साफ करायला कारखान्यात कॉस्टिक सोडा पाण्यात उकळून वापरत. त्यातला थोडा मामानं हौसेनं घरी आणला आणि पातेलं त्यात बुडवून ठेवलं. लोखंडाला काही न करणारं ते पाणी जर्मनवर फसफसलं. सकाळी पातेल्यावर पांढरी भुकटी धरली होती आणि बुडाला बारीक भोकं पडली होती. पुढं येईल त्या पाहुण्याला मामी ही गोष्ट सांगायची आणि शेवटी मामाकडं बघून म्हणायची, "ह्यांना लोखंडाबिगर काय बी कळत न्हाई." मामा हसायचा नाही. चप्पल घालून अंगणात जायचा.

मला मुलगी बघायला आम्ही जालन्यात मस्तगडला गेलो तेव्हा आईनं त्याला शपथ घातली होती की कशाला हात लावायचा नाही. पोहे होईपर्यंत मामा हात मांडीवर ठेवून बसला. मग हात धुवायला म्हणून आत गेला तो परतलाच नाही. बैठकीच्या दारातून आम्हाला त्याचे नुसते पाय दिसत होते. बाकीचा मामा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी घोडीखाली होता. तिथून त्याचा आवाज आला की घोडीचा पाय गंजलाय, पोरीचं लग्न मागून करा, हे आधी करा. मुलीचे वडील कापडाचे दुकानदार, भिडस्त माणूस. ते पोह्यांची बशी पुन्हा पुन्हा पुढं सारत राहिले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात ती मुलगीच आतून आली, वाकली आणि हातातला टॉर्च मामापुढं धरून म्हणाली, "मामा, हा घ्या. नीट दिसंल." तीच माझी बायको. त्या घोडीला सासऱ्यांनी नंतर नवा पाय बसवला आणि ते श्रेय मामानं माझ्या लग्नाच्या श्रेयाला जोडून घेतलं.

मामी गेली, मामा निवृत्त झाला आणि आमच्याकडं राहायला आला. आमचं गाव अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. खाली बंधारा झाल्यापासून नदी बहुतेक वर्षभर तुडुंब असते आणि निम्म्या गावाची शेतं पलीकडं. पूल लांब पडतो. म्हणून गावानं एक लोखंडी होडी केली आणि विहिरीवर बसवतात तसलं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. होडी किसन चालवायचा. तो नदीकाठच्या भोयांच्या आळीतला, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याच्या वडिलांनी वल्ह्याच्या होडीत निम्म्या गावाला आर-पार केलं होतं. नदीपासून लांब तो कधी राहिलाच नव्हता.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की होडी ट्रॅक्टरनं वाळूवर ओढायची आणि बाहेरून रंगवायची, असा रिवाज होता. निळा रंग, काठाला पांढरी पट्टी, पुढं देवीचं नाव, झालं काम. मामा आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात रंगाऱ्यानं डबा उघडला आणि मामानं त्याचा हात धरला. पोट दाखवा म्हणाला. लोक हसले. माझं खताचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, रंग माझ्याकडूनच गेला होता, म्हणून मी तिथं उभा होतो आणि आता हा काय तमाशा करणार म्हणून मान खाली घालून होतो.

पण होडीच्या तळाच्या फळ्या उचलल्या आणि हसणारेच वाकून बघायला लागले. खाली वीतभर काळं पाणी साचलं होतं. डिझेल, तेल, गाळ, माशांचे खवले, फुटक्या बांगड्या, कुणाची तरी एक चप्पल, आणि मागं इंजिनाच्या खणात सगळ्यावर ग्रीसचा लगदा. मामाचा चेहरा खुलला. खूप दिवसांनी जेवायला बसावं तसा तो पँट दुमडून आत उतरला. त्यानं आणि किसननं डबड्यांनी घाण उपसली, लाकडाचा भुसा पसरून तेल शोषून घेतलं, पत्र्याच्या तुकड्यानं लगदा खरवडला. मग मामानं बुडाचं भोक बुचानं बंद केलं, गुऱ्हाळावरची जुनी काहील आणून चुलाणावर ठेवली आणि कॉस्टिकचं पाणी उकळलं. कारखान्यात टाकीला देतात तशी तो होडीच्या पोटाला उकळी देणार होता. इंजिन उचलायला साखळीची कप्पी लागली असती, ती गावात नव्हती. म्हणून त्यानं इंजिन वरून प्लास्टिकनं गुंडाळलं आणि जागेवरच ठेवलं. इंजिन गार ठेवायला नदीचं पाणी ओढणारा एक लहान पंप त्याच्या बुडाशी असतो. तो त्या पाण्यात बुडून राहिला. त्याचं अंग जर्मनचं होतं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, मामाच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं तर आतलं लोखंड उघडं पडलं होतं. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गोड्या पाण्यानं धुणं, उन्हात वाळवणं. शेवटी फडकं फिरलं आणि पांढरंच वर आलं. मग तांबडा प्रायमर, त्यावर राखाडी रंग. पंप थोडा खरबरीत लागतोय असं किसन म्हणाला, तेव्हा मामानं त्याच्यावरही रंगाचे दोन हात मारायला सांगितलं. किसनला ते काम मनापासून आवडलं होतं. फळ्या परत बसवायच्या आधी त्यानं बायकोला बोलावून होडीचं पोट दाखवलं. सगळं गाव बघून गेलं. मी पहिल्यांदा मामाशेजारी मान वर करून उभा राहिलो.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी होडी बायकांना घेऊन परत येत होती. नदीच्या मध्यावर फळ्यांच्या फटींतून पाणी वर आलं. किसननं इंजिन बंद केलं, पण ते आधीच तापलेलं होतं आणि जाम झालं. होडी बंधाऱ्याकडं वाहायला लागली. त्यानं कापसाची गाठोडी पाण्यात टाकायला लावली, दोर दातात धरून उडी मारली आणि पाण्यातून डोकं काढलेल्या एका बाभळीला होडी बांधली. गावातून वल्ह्याच्या लहान डोणग्या जाईपर्यंत बायका डबड्यांनी पाणी उपसत राहिल्या. कुणी गेलं नाही. म्हातारी पारूबाई त्यानंतर पलीकडच्या शेतात गेली नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गाव जमलं. पाणी कुठून आलं हे कुणाला सांगता येईना. होडीचं पोट मामानं साफ केलेलं, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मामा पारावर उभा राहिला. किसन खाली उभा होता, कालच्याच कपड्यांत.

"पोट मी साफ करून देल्तं, त्यात खोट न्हाई," मामा म्हणाला. "इंजिन तापून राह्यलं तव्हा ह्याचं ध्यान कुठं व्हतं, ते इचारा."

"पाणी खालूनच आलं, मामा. मी बराबर बंद केलं," किसन म्हणाला.

"बराबर केलं तर मंग जाम कसं झालं?"

ज्यांच्या बायका त्या होडीत होत्या त्यांच्यातल्या कुणीही किसनची बाजू घेतली नाही. मला तेव्हा खरं काय ते माहीत नव्हतं, पण ज्या माणसानं काल उडी मारली त्याला आज असं विचारताना बघून मला मामाची लाज वाटली, आणि ती नेहमीची, घोडीखालच्या पायांची लाज नव्हती. इंजिन दुरुस्त झालं की होडी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची असं ठरलं. आठवड्यातच किसन बायको-पोरीला घेऊन ऊसतोडीच्या टोळीत गेला. त्याच्या दाराला कुलूप लागलं.

इंजिन उचलून आमच्या वाड्यावर, म्हणजे जनावरांच्या गोठ्याशेजारी आणून ठेवलं. ते मामाच खोलणार होता. मी पाने द्यायला बसलो होतो. त्यानं इंजिन आडवं केलं आणि सवयीनं पंपाखाली बोट घातलं. बोट आत गेलं. त्यानं ते बाहेर काढलं, त्याला राखाडी रंगाची खपली चिकटली होती आणि पांढरी भुकटी. इतके दिवस आतलं सगळं खाल्लं गेलं होतं आणि नुसत्या रंगानं पंप धरून ठेवला होता; तो रंग फाटला तशी नदी होडीत शिरली आणि इंजिन गार करणारं पाणी थांबलं. मामानं खिशातून फडकं काढलं, बोट पुसलं आणि उजेडात धरलं. पांढऱ्यावर पांढरं दिसेना. तो किती तरी वेळ त्या फडक्याकडं बघत राहिला.

"तुझ्या मामीनं जलमभर सांगितलं," तो म्हणाला. मला मग आणखी विचारायची गरज उरली नाही.

त्यानंतर मामानं कुणाच्या घरात कशाखाली हात घातला नाही. आईला ती सुधारणा वाटली. जेवण कमी झालं, भोयांच्या आळीतून जायचं टाळायला तो लांबून फिरून यायचा. मी त्याला म्हटलं, किसनला फोन लावून देतो, त्याच्याशी बोल, विषय मिटेल. त्यानं मान हलवली. चारचौघांत बोललो ते चारचौघांतच निस्तरायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ते बरोबर होतं. एका सकाळी पार भरलेला बघून तो पंप पिशवीत घालून निघाला आणि मी मागं गेलो.

मामानं पंप पारावर ठेवला. प्रत्येकाला त्याच्या भोकात बोट घालून बघायला लावलं. मग तो बोलायला उभा राहिला आणि आधी खिशातलं फडकं शोधायला लागला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, आजकालचा मालच असा येतो, कंपनीनं फसवलं. दुसऱ्यानं री ओढली. सरपंच म्हणाले की मामांनी खोलून पाहिलं म्हणून कळलं, नाहीतर गरीब किसन फुकट बदनाम झाला असता. त्यांनी तिथल्या तिथं किसनला फोन लावला आणि परत बोलावलं. कुणीतरी मामाला चहा दिला. मामा चहा घेऊन खाली बसला. मी त्याच्याकडं बघत होतो, तो माझ्याकडं बघत नव्हता. आजवर मामामुळं मला जेवढी म्हणून लाज वाटली होती ती त्या एका कपापुढं काहीच नव्हती.

घरी येताना तो म्हणाला, "बोलणारच व्हतो रे. लोकांनीच बोलू देलं न्हाई." थोडं पुढं गेल्यावर थांबला. "न्हाई. मलाच सोपं वाटलं," म्हणाला आणि पुन्हा चालायला लागला.

किसन टोळी सोडून आला. नवा पंप बसला, होडी चालू झाली. मामा घाटावर दिसला की किसन पहिल्यासारखाच नमस्कार करायचा, आणि त्या नमस्कारानं मामा आणखी खाली वाकायचा. कंपनीनं फसवलं ही गोष्ट गावात पक्की झाली. मामानं शोधून काढलं हीसुद्धा. लोक आपल्या मोटारी, फवारणीचे पंप घेऊन त्याच्याकडं यायला लागले. तो सगळ्यांना सांगायचा, मला काही कळत नाही. लोकांना तो विनय वाटायचा.

पुढच्या उन्हाळ्यात होडी पुन्हा वाळूवर आली. मामाचे गुडघे तोवर गेले होते, पण तो माझ्या आणि किसनच्या आधारानं आत उतरलाच. इंजिनाच्या खणात पाय दुमडून बसला. ह्या वेळी साखळीची कप्पी आणवली होती आणि इंजिन आधीच बाहेर वाळूवर ठेवलं होतं. मी दुकानातून कपड्याचा सोडा, ब्रश, पॉलिश पेपर आणून काठावर बसलो होतो. फळ्यांखालचं पाणी उपसून झालं, भुसा टाकून झाला. मामा कोपऱ्यातलं ग्रीस खरवडत होता. किसननं इकडं तिकडं बघितलं आणि सहज विचारलं, "मामा, औंदा कॉस्टिक न्हाई आणलं?"

मामाचा हात थांबला. मी काठावर बसल्या बसल्या वाळूकडं बघायला लागलो.

"न्हाई आणलं," मामा म्हणाला. "मागल्या खेपी त्यानंच पंप खाल्ला. कंपनीनं न्हाई. जर्मनला कॉस्टिक चालत न्हाई हे मला ठाव व्हतं, किसन. इसरलो. आन् इसरलो ते इसरलो, वरून तुझ्यावर घातलं."

किसननं हातातला ब्रश फळीवर ठेवला. ऊसतोडीत कोयत्यानं कापल्याचा वण त्याच्या मनगटावर होता, तो दुसऱ्या हातानं चोळत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल की जाऊ द्या मामा, झालं गेलं. आमच्याकडं मोठ्या माणसाला असंच म्हणतात. किसन तसं म्हणाला नाही.

"हे वर सांगा," तो म्हणाला. "माझी पोरगी त्या पारावर बसली व्हती तव्हा."

मामानं माझ्याकडं हात केला. मी त्याला वर ओढून घेतलं. कोपरापर्यंत काळा, पँट दुमडलेली, अनवाणी, तो तसाच घाट चढायला लागला. हात धुऊन जा म्हणून मी मागून सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. दुपारची वेळ, पारावर माणसं पत्ते खेळत होती. त्यांनी त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही. खाली उभा राहिला, ज्या जागी किसन उभा होता त्याच जागी, आणि सगळं सांगितलं. मामीचं पातेलंसुद्धा सांगितलं. पहिल्यांदा लोकांना वाटलं मामा किसनला वाचवायला बोलतोय. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग पत्ते खाली ठेवले गेले. कुणी त्याला चहा विचारला नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. लाज वाटतच होती, पण आता त्याच्या शेजारी उभं राहून वाटत होती.

मामा त्या पावसाळ्यातच गेला. शेवटी तो अंथरुणावर होता, पण तो मामा माझ्या डोळ्यांपुढं येत नाही. मला दिसतो तो त्याच दिवशीचा, पारावरून परत आलेला. घाट उतरून तो पुन्हा होडीत शिरला आणि ऊन कलेपर्यंत इंजिनाचा खण घासत बसला. पाणी टाकलं, कोरडं केलं. मग खिशातून फडकं काढलं, घडी मोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्या माणसाच्या हातात दिलं. किसननं ते घेतलं. इंजिन बसतं त्या लोखंडी पट्ट्यांच्या खालून, जिथं नुसता हात जातो आणि नजर जात नाही, तिथून दाबून फिरवलं. बाहेर काढून उन्हात धरलं.

"मामा," किसन म्हणाला, "हितं ऱ्हायलंय."

"कुठं?" मामानं विचारलं, आणि ब्रश घेऊन पुन्हा खाली वाकला.